देवबलौदा पडद्यावर आणायचे असेल तर

ऐतिहासिक वास्तू घरबसल्या पाहण्याविषयी आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. पहिले उत्साहाचे: आता पैसा नको, रजा नको, रेल्वेचे आरक्षण नको, मोबाइल उघडला की ताजमहाल हजर. दुसरे नाराजीचे: प्रत्यक्ष पाहण्याची सर त्याला कधी येणार नाही, दगडाला हात लागला पाहिजे, गड चढताना दम लागला पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत पहिल्या मताला जोर आला आणि रस्ते खुले झाले तसा दुसऱ्याला. मला ही दोन्ही मते उथळ वाटतात, आणि दोहोंचा उथळपणा एकाच जागी आहे. दोन्ही बाजू पडद्यावरच्या वास्तूला प्रवासाच्या मापाने मोजतात. एक म्हणते माप पुरे भरले, दुसरी म्हणते कमी भरले. मापच भलते आहे, हे कोणी बोलत नाही.

माझे म्हणणे असे: पडद्यावर दिसणारी वास्तू हा त्या वास्तूचा दस्तऐवज आहे, आणि तिची पारख दस्तऐवज म्हणूनच व्हायला हवी. दस्तऐवजाला आपण काय विचारतो? तो कोणी केला, कधी केला, त्यात काय घेतले आणि काय गाळले, त्यावरून दुसऱ्या कोणाला काही मोजता-ताडता येते का, तो कोणाच्या ताब्यात आहे आणि किती वर्षे टिकेल. जमिनीच्या सातबाऱ्याला जे प्रश्न विचारताना आपण संकोचत नाही, ते हजार वर्षांच्या देवळाच्या चित्राला विचारायचे आपल्याला सुचत नाही. ते विचारले तर आज घरबसल्या जे दाखवले जाते त्यातले पुष्कळसे तोकडे ठरते. आणि जे कोणी दाखवतच नाही, त्याची उणीव पहिल्यांदा नीट जाणवते.

हे मी छत्तीसगडमधल्या भिलाईतल्या सुपेल्यातून लिहितो आहे, आणि या जागेचा युक्तिवादाशी संबंध आहे. जीई रोडवरचा बाजार, रेल्वेलाईनच्या अलीकडे सुपेला, पलीकडे स्टील प्लांटचे सेक्टर. विदर्भातून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे दोन्हीकडे आहेत. इथून दहा-बारा किलोमीटरवर, भिलाई-३ च्या पुढे चरोद्याजवळ, देवबलौद्याचे कलचुरिकालीन शिवमंदिर आहे. सुपेल्यातल्या मुलाला पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाची दालने पडद्यावर फिरून पाहता येतात. देवबलौद्याचा शोध घेतला तर हाती लागतात ती बहुतेक यात्रेकरूंनी मोबाइलवर काढलेली छायाचित्रे आणि घाईघाईचे व्हिडिओ. अंतर कमी झाले, असे म्हणणाऱ्यांनी या उलट्या अंतराचा विचार केलेला नाही.

१. नागपुरात बसून वाचलेले रतनपूर

घरबसल्या वास्तू वाचण्याची पद्धत संगणकाने आणली, हा समज आधी बाजूला ठेवू. ती त्याच्या किती तरी आधीपासून आहे, आणि तिच्यातले एक मोठे काम मराठी माणसाने नागपुरात बसून याच प्रदेशाविषयी केले आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी संपादित केलेला कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा खंड १९५५ साली प्रसिद्ध झाला. भारतीय अभिलेखांच्या ‘कॉर्पस’ मालेतला तो चौथा खंड. बिलासपूरजवळच्या रतनपूरच्या कलचुरी राजांचा इतिहास आज आपण ज्या ठामपणे सांगतो, पहिल्या जाजल्लदेवाचा रतनपूरचा लेख १११४ सालचा आहे हे ज्या विश्वासाने म्हणतो, त्या विश्वासाच्या मुळाशी हा खंड आहे.

असे काम कशावर उभे राहते? शिलालेखाच्या ठशांवर. ठसा घेण्याची रीत पाहण्यासारखी आहे. आधी दगड ब्रशने घासून अक्षरांतली माती काढायची. मग ओला कागद त्यावर बसवायचा आणि ब्रशने ठोकत ठोकत तो प्रत्येक खाचेत उतरवायचा. कागद फाटला तर पुन्हा पहिल्यापासून. तो थोडा सुकला की शाईच्या गादीने हलके थापायचे. उंच भाग काळा होतो, खोलगट अक्षरे पांढरी राहतात. कागद अलगद सोडवला की दगडावरचा मजकूर जसाच्या तसा, त्याच आकारात, गुंडाळी करून नेता येतो. शेकडो मैलांवर, उजेडात, भिंगाखाली, महिनोन्‌महिने तो वाचता येतो. डोंगरावर उन्हात उभे राहून जे अक्षर लागत नाही ते टेबलावर लागते.

ठसा हा दगडाचा पर्याय आहे, असे कोणी पुराभिलेखशास्त्री म्हणत नाही. त्याला दगडाची सर येत नाही, म्हणून कोणी तो टाकूनही देत नाही. ठशाचे काम वेगळे आहे हे त्यांना ठाऊक असते. त्या ठशावर ठिकाण, तारीख, लेख कोणत्या भिंतीवर कोणत्या बाजूला आहे, ओळी किती, कुठला भाग झिजलेला, हे नोंदलेले असते. ही नोंद नसेल तर ठसा उत्तम उतरूनही निरुपयोगी.

याच प्रदेशातले दुसरे उदाहरण सिरपूरचे. तिथले विटांचे लक्ष्मण मंदिर इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या आसपासचे. अलेक्झांडर कनिंगहॅम १८८१-८२ च्या दौऱ्यात तिथे आला आणि त्याने अहवाल लिहिला. १९५० च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी तिथे उत्खनन करून बौद्ध विहार उजेडात आणले. लक्ष्मण मंदिर समोर उभे राहून पाहिले तर काय दिसते? विटांवरचे अप्रतिम कोरीवकाम, दगडी द्वारशाखा, शेषशायी विष्णू. हे मंदिर महाशिवगुप्त बालार्जुनाच्या आईने, राणी वासटेने, आपल्या दिवंगत पतीच्या, हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ बांधले, हे मात्र कितीही वेळ उभे राहिले तरी दिसत नाही. ते तिथल्या शिलालेखातून कळते. म्हणजे प्रत्यक्ष पाहण्याची थोरवी सांगणाऱ्यांनीही मान्य करावे की वास्तूचा मोठा भाग डोळ्यांना दिसतच नाही; तो कागदावर असतो, मोजमापात असतो, दुसऱ्या वास्तूशी केलेल्या तुलनेत असतो. पडद्याचे खरे सामर्थ्य तिथे आहे. ते सामर्थ्य सोडून आपण त्याला सहलीची नक्कल करायला लावले.

२. चित्र वेगळे, मोजमाप वेगळे

‘व्हर्च्युअल टूर’ या एका नावाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी विकल्या जातात, आणि ग्राहकाला तो फरक कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे सभोवारचे छायाचित्र. कॅमेरा एका जागी ठेवून चारी दिशांची, वरची-खालची छायाचित्रे घ्यायची आणि त्यांच्या कडा जुळवून एक गोल तयार करायचा. पाहणाऱ्याला मान फिरवता येते, पण पाऊल पुढे टाकता येत नाही. पुढे गेल्यासारखे वाटते ते दुसऱ्या गोलात उडी मारल्यामुळे. खांब किती जाड आहे, पायरी किती उंच आहे, हे त्यातून कळत नाही. मूर्तीच्या मागे काय आहे, हे तर नाहीच. बहुतेक घरबसल्या दर्शने या जातीची आहेत. २०१४ च्या सुरुवातीला गूगलने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या साथीने ताजमहालासह ३० स्मारके अशी दाखवायला सुरुवात केली. काम देखणे होते. पण ते चित्र होते.

दुसरी गोष्ट म्हणजे मोजलेली प्रतिकृती. लेझर स्कॅनर स्वतःभोवती फिरत प्रकाशाचे किरण सोडतो आणि परावर्तित होऊन आलेल्या किरणावरून प्रत्येक बिंदूचे अंतर मोजतो. अशा कोट्यवधी बिंदूंचा ढग तयार होतो. यंत्र अनेक जागी ठेवून ते ढग जुळवले की वास्तू मिलिमीटरच्या हिशेबात हाती येते. छायाचित्रांवरूनही असे मोजमाप करता येते: शेजारशेजारच्या दोन चित्रांत निम्म्याहून बराच अधिक भाग सामाईक राहील अशी शेकडो चित्रे घ्यायची, जागेवर एक मोजपट्टी ठेवायची, आणि संगणकाने त्यांतून घडण काढायची. त्याला महागडे यंत्र लागत नाही, शिस्त लागते.

या दोहोंतला फरक किती मोठा आहे ते पॅरिसच्या नोत्र-दामने दाखवले. कलेतिहासाचे प्राध्यापक अँड्रू टॅलन यांनी २०१० च्या सुमारास ते चर्च लेझरने मोजले होते. यंत्र पन्नासहून अधिक जागी ठेवले, बिंदू शंभर कोटींच्या वर. त्यांचा हेतू मध्ययुगीन गवंड्यांनी ते कसे रचले, भिंती कुठे कललेल्या आहेत, हे समजून घेण्याचा होता. टॅलन २०१८ च्या नोव्हेंबरात वारले. १५ एप्रिल २०१९ ला छप्पर जळाले आणि मनोरा कोसळला. पुनर्बांधणी करणाऱ्यांच्या हाती जी साधने होती त्यांत टॅलन यांचे मोजमाप होते, आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले. लाखो पर्यटकांकडे नोत्र-दामची छायाचित्रे होती. तुळईची जागा नेमकी कुठे, हे सांगायला त्यांचा काय उपयोग?

मोजमापालाही मर्यादा आहेत आणि त्या लपवू नयेत. पाण्यावरून लेझरचा किरण नीट परत येत नाही, ओल्या काळ्या दगडावर तो अडखळतो. देवबलौद्याच्या मंदिराला लागून दगडी कुंड आहे. पाणी भरलेले असताना त्याच्या बुडालेल्या पायऱ्यांची नोंद या पद्धतीने होणार नाही. दस्तऐवज तयार करणाऱ्याने हे लिहून ठेवायचे असते: अमुक भाग मोजलेला नाही, कारण पाणी होते. ही एक ओळ मला झगमगीत टूरपेक्षा मोलाची वाटते. काय माहीत नाही ते सांगणारी नोंदच पुढच्या माणसाच्या कामाची असते.

३. कॅमेरा कीर्तीच्या मागे जातो

आता निवडीचा प्रश्न. घरबसल्या जग पाहता येते, या वाक्यातले ‘जग’ कोणी निवडले?

११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. बारा किल्ले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. प्रत्येक मराठी माणसाला आनंद व्हावा अशी ही गोष्ट आहे, आणि मला तो झाला. रायगडावरून ड्रोन उडतात, राजसदर पडद्यावर पुन्हा उभी राहते, ते पाहताना ऊर भरून येतो.

पण मराठ्यांचे राज्य छत्तीसगडातही होते. नागपूरकर भोसल्यांचा सरदार भास्करराम कोल्हटकर याने १७४१ मध्ये रतनपूर घेतले. रघुजी भोसल्यांचा मुलगा बिंबाजी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरात राहून या मुलखाचा कारभार पाहत होता. मोडी लिपी आणि दसऱ्याला सोने वाटण्याची रीत त्याच्या काळात इथे रुजली, असे इथल्या इतिहासाच्या पुस्तकांत सांगतात. रतनपूरच्या टेकडीवरचे राममंदिर, ज्याला लोक रामटेकरी म्हणतात, ते त्याचेच. नागपूरकर भोसल्यांनी रामटेकला जे पाहिले-पूजले त्याची आठवण त्या नावात आहे, हे मराठी वाचकाला सांगावे लागू नये. महाराष्ट्रातल्या किती घरांनी रामटेकरीचे देऊळ पडद्यावर पाहिले असेल?

कारण उघड आहे. खासगी कंपनी जिथे प्रेक्षक आहेत तिथे कॅमेरा नेते, सरकार जिथे पर्यटक आहेत तिथे. प्रसिद्ध वास्तू आणखी प्रसिद्ध होते, आणि ज्या वास्तूला पहारा नाही, तिकीट नाही, फलक धड नाही, तिची नोंदही होत नाही. धोका मात्र दुसरीलाच जास्त असतो. महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात सांगितले की केंद्राच्या संरक्षणाखालच्या १,६५५ स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी केली तेव्हा त्यांतली ९२ जागेवर सापडली नाहीत. कायद्याने संरक्षित, यादीत नाव असलेली, तरी बेपत्ता! ताजमहालाचे आणखी एक सभोवारचे चित्र नसते तर कोणाचे काही अडले नसते. त्या ९२ पैकी प्रत्येकाचे एक मोजलेले चित्र आणि एक नेमका अक्षांश-रेखांश असता तर निदान आपण काय गमावले हे सांगता आले असते.

म्हणून माझा निकष उलटा आहे. पडद्यावर आधी ती वास्तू यावी जी उद्या नसण्याची शक्यता आहे.

४. कोणाच्या कपाटात?

दस्तऐवजाचे आयुष्य हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे.

गूगलने शाळांसाठी ‘एक्स्पेडिशन्स’ नावाची सोय केली होती. शिक्षक मुलांना वर्गात बसून जगभरच्या वास्तूंमधून फिरवत. ‘टूर क्रिएटर’मध्ये शिक्षक स्वतः अशा सहली रचत. ‘पोली’ नावाच्या जागी लोक त्रिमितीय प्रतिकृती ठेवत. तिन्ही सेवा जून २०२१ अखेर बंद झाल्या. त्याआधी २०२० संपताना ‘फ्लॅश’ हे तंत्र बंद झाले आणि त्यावर उभी असलेली कित्येक दर्शने उघडेनाशी झाली. कंपनीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. सेवा परवडेना तर ती बंद करण्याचा तिला अधिकार आहे. प्रश्न आपला आहे. समाजाचा दस्तऐवज आपण अशा जागी ठेवतो का, जिथून तो एका सूचनेनिशी नाहीसा होऊ शकतो? मिराशींचा खंड १९५५ चा आहे आणि आजही ग्रंथालयातून काढून वाचता येतो.

कागदही जळतो, हे खरे. अजिंठ्याइतके याचे कडू उदाहरण दुसरे नाही. १८४४ पासून रॉबर्ट गिलने तिथल्या चित्रांच्या नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या होत्या, १८६६ च्या आगीत बहुतेक गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या, आणि १८८५ मध्ये लंडनलाच दुसऱ्या आगीत त्यांतल्याही पुष्कळ नष्ट झाल्या. दोन पिढ्यांची मेहनत दोनदा जळाली, कारण ती एकाच जागी ठेवली होती. शिवाय नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वार्निश चढवले गेले, ते पुढे पिवळे पडले. दस्तऐवज करण्याच्या नादात मूळ वास्तूला इजा झाली. आजच्या मोजमापाचा मोठा गुण हा की ते दगडाला स्पर्शही करत नाही, आणि त्याच्या दहा प्रती दहा जागी ठेवायला खर्च जवळजवळ नाही. मग त्या का ठेवल्या जात नाहीत? कारण दाखवणाऱ्याच्या लेखी ती टूर आहे, आणि टूर संपली की तिचे जतन कोणी करत नाही.

रिओ द जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ ला जळाले. सुमारे दोन कोटी वस्तूंचा संग्रह होता, बहुतेक गेला. आगीच्या आधी दालनांची सभोवार चित्रे घेतलेली होती. तीन महिन्यांनी ती लोकांसाठी खुली झाली. जळून गेलेल्या दालनांत माणसे पडद्यावर फिरली. ते पाहताना कोणाच्या मनात ‘प्रत्यक्षाची सर नाही’ हे वाक्य आले असेल? प्रत्यक्ष उरलेच नव्हते.

५. आक्षेपांना उत्तरे

पहिला आक्षेप गंभीर आहे. जी आजी जिना उतरू शकत नाही, जो मुलगा चाकाच्या खुर्चीत आहे, ज्या घरात रायगडचे भाडे परवडत नाही, त्यांच्यासाठी पडदा हाच प्रवास आहे. तुम्ही दस्तऐवज-दस्तऐवज म्हणून त्यांचा आनंद हिरावून घेता. मी उलट म्हणेन. ज्याला कधीच प्रत्यक्ष जाता येणार नाही, त्याला तर निकृष्ट नक्कल देणे अधिकच अन्यायाचे. जो जाऊ शकतो तो चित्रातली चूक जागेवर ताडून पाहील. जो जाऊ शकत नाही त्याचा सगळा भरवसा त्या चित्रावर आहे. त्याला मोजमाप हवे, नकाशा हवा, त्याच्या भाषेतली टीप हवी, मंडपातून गर्भगृहात जाताना किती पायऱ्या उतराव्या लागतात हे हवे. समजण्याने आनंद कमी होत नाही.

दुसरा आक्षेप: लोक घरीच पाहतील, जाणार नाहीत, मग वास्तूंना वाली कोण? इथे मी मान्य करतो की काही जण जाणार नाहीत. पण काही वास्तूंना कमी माणसे लाभावीत यातच त्यांचे हित आहे. फ्रान्समधली लास्को गुहा १९४८ मध्ये लोकांना खुली झाली आणि पंधरा वर्षांत बंद करावी लागली, कारण माणसांच्या श्वासाने आदिम चित्रे खराब होऊ लागली. अजिंठ्याच्या लेण्यांतही गर्दी आणि दमटपणा यांची चिंता जुनीच आहे. देवबलौद्याला ही भीती नाही. तिथे महाशिवरात्रीला जत्रा भरते आणि ती कोणत्याही पडद्यामुळे ओसरणार नाही, कारण लोक तिथे देव पाहायला जातात.

तिसरा आक्षेप सरकारी बैठकीत नेहमी ऐकू येतो: आधी गळणारे छत दुरुस्त करा, मग संगणकाच्या गोष्टी. पण कोणता दगड कुठे होता याची नोंद नसताना केलेली दुरुस्ती हीच जुन्या देवळांवरची मोठी आपत्ती आहे. सिमेंटने भरलेल्या सांधी, उलटे बसवलेले कोरीव दगड कोणी पाहिले नाहीत? मोजमाप ही दुरुस्तीची पहिली पायरी आहे.

चौथा: एवढे तपशील उघड केले तर मूर्तिचोरांचे फावेल. अनुभव नेमका उलट आहे. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदानची नटराजमूर्ती चोरीला जाऊन ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोहोचली होती. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने १९९४ मध्ये तिचे देवळातले छायाचित्र काढून ठेवले होते. त्या छायाचित्राच्या पुराव्याने ती ओळखली गेली आणि २०१४ मध्ये भारतात परत आली. चोराला मूर्ती कुठे आहे हे आधीच माहीत असते. नोंद नसली की फक्त मालकाला ती आपली आहे हे सिद्ध करता येत नाही.

६. जिथे पायांना मज्जाव आहे

भिलाईत एक अशी ऐतिहासिक वास्तू आहे जिला कोणी ऐतिहासिक म्हणत नाही: स्टील प्लांट. सोव्हिएत संघाशी फेब्रुवारी १९५५ मध्ये करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. या देशाच्या औद्योगिक इतिहासात त्या दिवसाचे स्थान रायगडाच्या एखाद्या दरवाजाइतकेच पक्के आहे. प्लांटमध्ये गेटपासशिवाय जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. ज्यांनी तिथे आयुष्य घालवले त्यांच्या घरच्यांनीही भट्टीचा तळ, लोखंड वाहण्याच्या वाटा, कोक ओव्हनची रांग क्वचितच पाहिली असेल. पहिल्या पिढीचे कामगार आता थकले आहेत, पुष्कळ गेले. यंत्रे बदलतात, जुनी भट्टी मोडून नवी येते. सहलीच्या दृष्टीने पाहणाऱ्याला इथे काहीच सुचणार नाही. दस्तऐवजाच्या दृष्टीने पाहणाऱ्याला हे तातडीचे काम वाटेल: मोजमाप, आणि त्यासोबत या जागी उभे राहून काम केलेल्या माणसाचा आवाज, त्याच्या भाषेत. हिंदीत, छत्तीसगडीत, तेलुगूत, बंगालीत, मराठीत.

७. देवबलौद्याची नोंद कशी असावी

तर मग मागणी नेमकी काय, ते सांगतो.

मंदिराचे मोजलेले त्रिमितीय रूप. त्यात मंडप आणि गर्भगृह यांच्या पातळीतला फरक स्पष्ट दिसावा, कारण इथे देवाकडे पायऱ्या उतरून जावे लागते आणि हे या मंदिराचे वैशिष्ट्य आहे. बाहेरच्या भिंतींवरचे शिल्पपट्ट एकामागून एक, क्रमांकासह, सकाळच्या आणि संध्याकाळच्या तिरप्या उजेडात, म्हणजे झिजलेल्या आकृतीही उठून दिसतील. शिखर आज पुरे उरलेले नाही; ते कल्पनेने पूर्ण करून दाखवायचे असेल तर कल्पनेचा भाग वेगळ्या रंगात, अनुमान म्हणून. आवारातल्या सुट्या शिल्पांची यादी. कुंड उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर पुन्हा मोजलेले. आधी झालेल्या डागडुजीच्या तारखा, जेवढ्या कागदोपत्री मिळतील तेवढ्या.

आणि दंतकथा. हे देऊळ सहा महिन्यांच्या रात्रीत बांधले म्हणून त्याला छमासी म्हणतात. विवस्त्र काम करणाऱ्या शिल्पकारापुढे एके दिवशी जेवण घेऊन बायकोऐवजी बहीण आली आणि लाजेने त्याने कुंडात उडी घेतली, म्हणून देऊळ अपुरे राहिले, असे लोक सांगतात. हा इतिहास नव्हे. पण वास्तूभोवती जगणाऱ्या माणसांनी तिच्या अपुरेपणाचा अर्थ असा लावला, ही वस्तुस्थिती आहे आणि तिची नोंद गावकऱ्यांच्या तोंडून, छत्तीसगडीत व्हायला हवी. सोबत हिंदी, आणि मराठीही. कलचुरींवर मराठी विद्वानांनी एवढे काम केले असताना मराठी वाचकाला ते त्याच्या भाषेत मिळू नये याला कारण नाही.

या कामासाठी कुठल्या परदेशी कंपनीची वाट पाहण्याची गरज नाही. दुर्गजवळ आयआयटी भिलाई आहे, दुर्गला बीआयटी आहे, रायपूरच्या एनआयटीत वास्तुशास्त्राचा विभाग आहे. सर्वेक्षण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी कुठली तरी इमारत मोजायला देतातच. ती इमारत देवबलौद्याची असू द्या. स्मारक केंद्राच्या संरक्षणाखाली आहे, म्हणून पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रायपूर मंडळाची लेखी परवानगी घ्या. तयार झालेली नोंद किमान तीन संस्थांत ठेवा, तीही उद्या कोणत्याही संगणकावर उघडेल अशा साध्या रूपात, आणि प्रत्येक प्रतीवर करणाऱ्यांची नावे आणि तारीख घाला.

महाराष्ट्रातल्या इतिहास मंडळांनाही सांगणे आहे. गडकोटांचे काम करताना रतनपूरची रामटेकरी यादीत घ्या. बिलासपूरपर्यंत रेल्वे येते, तिथून रतनपूर पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे, आणि मोजपट्टी धरायला इकडची मराठी माणसे येतील.